दादाची हळद, माझी गिटार

माझ्या सख्ख्या भावाला हळद लागली ती इलेक्ट्रिक गिटारवर बसून.

ही गोष्ट आता तालुकाभर फिरली आहे आणि फिरता फिरता फुगली आहे. कुणी सांगतं, नवरदेवाला करंट बसला. कुणी सांगतं, त्यानं हुंड्यात गिटार मागितली होती. (साफ खोटं! गिटार माझी होती आणि आहे.) म्हणून म्हटलं, खरं काय ते आपणच एकदा लिहून टाकावं. माफी मागायला नाही. माफी मागण्यासारखं मी काही केलेलं नाही, हे मी मांडवातही सांगितलं होतं. तेव्हा कुणाला ऐकू गेलं नाही, कारण भोंगे जोरात होते.

मी शुभांगी, केदारखेड्याची. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघणारी मी पहिली. सोयाबीन काढणीच्या ऐन गडबडीतही अण्णांनी मला परीक्षेच्या दिवसांत कधी रानात बोलावलं नाही. उलट सकाळी गाडीवर बसवून फाट्यावर जीपपर्यंत सोडलं. आईनं माझ्या वाट्याच्या भाकरी थापल्या. हे उपकार मी विसरलेले नाही. कॉलेजात भौतिकशास्त्राच्या सरांनी एकदा तारेचं वेटोळं घेतलं, त्यातून लोहचुंबक आत-बाहेर केलं आणि मीटरचा काटा हलवून दाखवला. "बघा, नुसत्या हलण्यातून वीज!" मी बघतच राहिले. पुढे स्नेहसंमेलनात एका वाद्यवृंदातल्या मुलीनं इलेक्ट्रिक गिटारची तार छेडली आणि पत्र्याचं अख्खं सभागृह थरारलं. तेव्हा मला कळलं, की हे सरांचंच वेटोळं आणि सरांचंच चुंबक! म्हणजे आपल्यालाही करता येईल.

दुकानातली गिटार मला परवडणारी नव्हती. परवडली असती तरी घेतली नसती, असं मी सगळ्यांना सांगते.

तर मी सामान जमवायला लागले. मान मिळाली एका मैत्रिणीकडून; तिच्या साध्या गिटारवर तिचा भाचा उभा राहिला होता, त्यामुळे पोट फुटलं होतं आणि मान तेवढी शाबूत होती. तारा पिळायच्या खुंट्यांतल्या निम्म्या त्याच मानेवरच्या, निम्म्या भंगारातून आणलेल्या, भजनी मंडळाच्या मोडक्या एकतारीच्या जमान्यातल्या वाटाव्यात अशा. चुंबकं फुटक्या स्पीकरमधली. बारीक तार जाफराबादच्या मोटार वाइंडिंगवाल्याकडून. आवाज कमी-जास्त करायचं बटण अण्णांच्या जुन्या रेडिओचं. तारा खालच्या बाजूला अडकवायला दाराची बिजागरी. (होय, बिजागरी! ती हलायची, त्यामुळे सूर कधी एका जागी थांबायचा नाही. पण दुसरी नव्हती.) आणि खांद्याला अडकवायला फवारणीच्या पंपाचा पट्टा.

जाफराबादला शिकवणीत विज्ञान शिकवून मी संध्याकाळी घरी यायची आणि ओसरीत तार गुंडाळत बसायची. मोठा भाऊ संदीप, म्हणजे दादा, येता-जाता बघायचा.

"काय करून राह्यली गं?"

"गिटार."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"मंग वाजवणार कोण?"

"मीच की!"

"तुला येते?"

"आधी होऊ तर दे!"

दादाला हे बराबर पटलं. त्याचंही तेव्हा तसंच चालू होतं. कुंभार पिंपळगावची मुलगी पसंत पडली होती, आणि संसार येतो का असं त्याला कुणी विचारलं नव्हतं.

आता राहिलं अंग. गिटारचं अंग जड, जुन्या, वाळलेल्या लाकडाचं लागतं. मी माळ्यावर चढले. कडब्याच्या पेंढ्यांमागे, पोत्याखाली एक फळी होती. सागवानी, तीन बोटं जाड, दोन माणसं मांडी घालून बसतील एवढी. वर तेलाचा काळा थर. मी पॉलिश पेपरनं कोपरा घासला, तर खालून असं झळझळीत पिवळं लाकूड निघालं, की माझे डोळेच दिपले! एवढा पिवळा सागवान मी कधी पाहिला नव्हता. मी आईला वरूनच विचारलं, "माळ्यावरची फळी घेऊ का गं?" आई कणीक मळत होती. तिला वाटलं, जुन्या न्हाणीच्या दाराची फळी. "घे की," ती म्हणाली.

जाफराबादच्या सुताराकडून मशीनवर आकार कापून आणला. उरलेले तुकडे आईनं बंबात घातले. "सागवान लई झ्याक जळतंय गं," असं ती दोन-तीनदा म्हणाली. मी अंगाला वॉर्निश दिलं, फोटो काढला आणि मोबाईलवर सगळ्यांना पाठवला. खाली लिहिलं, 'लाकडाचा अस्सल नैसर्गिक पिवळा रंग.' सगळ्या भावकीनं अंगठे दाखवले!

पहिल्यांदा गिटार चालू केली ती भर दुपारी. अण्णा भजनी मंडळाचे खजिनदार, त्यामुळे मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन भोंगे आमच्याच घरी असतात. मी वायर जोडली, बटण फिरवलं आणि भोंग्यांतून आवाज आला, "घूँऽऽऽऽ!"

शेजारचे कचरूकाका जेवणावरून उठून पळत आले. "नामदेवा! एक फेज गेलं! मोटार बंद कर जल्दी, जळंल!"

(आमच्याकडे हा आवाज लहान पोरसुद्धा ओळखतं. एक फेज गेलं, की मोटार अशीच घुमते आणि मग तिचं वाइंडिंग भरून आणावं लागतं.)

अण्णा अनवाणी पळाले आणि बोअरचा स्टार्टर पाडून आले. तरी घूँऽऽऽ! कचरूकाका म्हणाले, "मंग गिरणीची असंल." दोघं गिरणीकडे पळाले आणि गिरणी बंद करून आले. तरी घूँऽऽऽ! निम्मं दळण घेतलेल्या बाया भांडायला आमच्या दारात आल्या. एवढ्यात मी घाबरून तारांवर हात ठेवला आणि घरघर एकदम थांबली.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"ही हाय व्हय मोटार?" कचरूकाका म्हणाले.

"गिटार आहे, काका."

"किती हॉर्सपावर?"

मी मनात ठरवलं, की दादाच्या हळदीला मांडवात हीच गिटार वाजवायची आणि कचरूकाकांना पहिल्या रांगेत बसवायचं. रोज संध्याकाळी एकच गाणं बसवत होते. बोटांना घट्टे पडले. आई म्हणाली, "खुरपं धरलं असतं तर निदान तण तरी निघालं असतं." मी बधले नाही.

हळदीचा दिवस उजाडला. मी सकाळीच मांडवात भोंगे बांधले, वायर जोडली, गिटार भिंतीला टेकवून ठेवली. भावकी जमली. दादा बनियन आणि टॉवेलवर तयार झाला. वाट्यांमध्ये हळद कालवलेली, आंब्याची पानं आणलेली. आणि अण्णांची थोरली बहीण, आमची गयाआत्या, मांडवाच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "पाट आणा."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भावकीत हळदीचा पाट एकच. आत्याच्या आजोबांपासून प्रत्येक नवरदेवाला आणि प्रत्येक नवरीला त्याच पाटावर हळद लागलेली. ज्या घरी शेवटचं लग्न झालं त्या घरून पुढच्या लग्नघरी पाट आधीच पोचवायचा, अशी रीत. दादाचं लग्न ठरल्यावर चुलत्यांनी तो आमच्याकडे आणून दिला होता. मी त्या दिवशी शिकवणीला गेले होते. आणि जेव्हा जेव्हा हळदीत मी तो पाहिला, तेव्हा त्याच्यावर शाल असायची आणि शालीवर माणूस.

आई माळ्याकडे बघत म्हणाली, "वरच ठिवलाय, आक्का." चुलतभाऊ वर चढला आणि कडब्यात शिंकत खाली आला. "काकू, न्हाई तिथं."

"आसं कसं न्हाई? खाली दोन पट्ट्या व्हत्या, त्या मागच्या लग्नात निखळल्या, म्हून नुसत्या फळीवानी दिसतंय ते," आत्या म्हणाली. "सागवानी हाय. येका कोपऱ्याला गाठ हाय, डोळ्यावानी. अन् वरून काळा दिसला तरी खालून पिवळाजर्द. एवढ्या पिढ्यांची हळद मुरलीय त्याच्यात!"

मी हळूच भिंतीकडे बघितलं. रेडिओच्या बटणाशेजारून, वॉर्निश लावलेला, चकचकीत असा एक डोळा माझ्याकडे बघत होता.

माझा अस्सल नैसर्गिक पिवळा रंग!

मी पदवीधर आहे. पुरावा समोर असताना नाकारायचा नसतो, हे मला शिकवलं गेलं आहे. मी पुढे झाले, गिटार उचलली आणि म्हणाले, "आत्या, पाट सापडला."

आत्यानं चष्मा पुसला, गाठीवरून अंगठा फिरवला आणि अण्णांकडे वळली.

"नाम्या! तुह्या पोरीनं आपल्या बापाची हळद कापली!"

"शुभे!" अण्णा ओरडले.

"आत्या, लाकूड तेच आहे," मी म्हणाले. "फक्त आकार बदललाय."

"आकार बदललाय! उद्या तुह्या बापाला कापून म्हणशील, बाप तोच हाय!"

"ऱ्हायलेले तुकडे आन," एक काकू म्हणाल्या. "फेविकॉलनं चिकटवू."

आता आई एकदम हळदीच्या वाट्या मोजायला लागली. मी काही बोलणार नव्हते, पण आत्याची नजर तिच्यावर गेलीच. "वहिनी, तुकडे कुठं हायेत?"

"बंबात," आई पदराआडून म्हणाली.

"बंबात?"

"लई झ्याक जळले वो आक्का..."

दादा उघड्या खांद्यानं थंडीत कुडकुडत होता. तो म्हणाला, "आत्या, प्लास्टिकची खुर्ची द्या, बसतो मी."

"गप! खुर्चीवर हळद?"

"मंग शेजारचा पाट आणू," अण्णा म्हणाले.

"आन की! हळद बी शेजारचीच लाव! नवरी बी शेजारचीच आन!"

शेवटी आत्यानं निकाल दिला. "तिची मान काढा. लोखंड काढा. फळी उरंल तिच्यावर बसवा."

चुलतभाऊ पाना घेऊन पुढे झाला. आणि मी गिटार छातीशी धरून तुळशीवृंदावनाला पाठ लावून उभी राहिले. कारण मान बसवताना मी बोल्टाबरोबर फेविकॉलही ओतलं होतं; मान उपटली असती तर लाकूड उभं चिरलं असतं. मग गिटारही गेली असती आणि पाटही.

"हात लावायचा नाही," मी म्हणाले. "मी केलीय ही. तार तार गुंडाळून केलीय. बसवायचं तर दादाला अख्ख्या गिटारवर बसवा, नाहीतर बसवू नका!"

"आई गं, काय तोंड झालंय पोरीला!" काकू म्हणाल्या.

"शिकवली ना," कचरूकाका म्हणाले. ते मी ठरवल्याप्रमाणे पहिल्या रांगेतच होते.

"न्हाई तर न्हाई!" आत्या म्हणाली. "मीबी इथंच हाय. लगन झालं न्हाई तरी चालंल!"

"मला न्हाई चालणार!" दादा कळवळून म्हणाला. "द्या ती गिटार हिकडं. बसतो मी!"

"करंट लागंल!" आई किंचाळली.

"आई, यात करंट नसतो," मी म्हणाले. "अगदी सूक्ष्म व्होल्टेज असतं. मिलिव्होल्ट."

"व्होल्ट आला म्हंजी करंट आला," अण्णा म्हणाले. त्यांनी आयुष्यभर स्टार्टर हाताळले आहेत, त्यांच्याशी वाद घालणं कठीण.

"एवढी खात्री हाय, तर तू बस आधी," दादा म्हणाला.

विज्ञानावर विश्वास असलेल्या माणसानं मागे हटायचं नसतं. मी गिटार मांडवाच्या मधोमध आडवी ठेवली आणि ताठ मानेनं वर बसले. "बघा! लागला करंट?"

करंट लागला नाही. पण माझ्या दोन्ही गालांना थंडगार काहीतरी लागलं. दोन्हीकडून दोन काकूंनी हळद फासली होती!

"अवं, हे काय?"

"लगीन न झालेली पोर हळदीच्या पाटावर बसली," काकू आनंदानं म्हणाल्या. "मोकळी उठवत न्हाईत तिला. आता पुढचा नंबर तुहा!"

बायांनी टाळ्या पिटल्या. मी निषेध नोंदवला, पण दोन्ही गाल पिवळे झालेल्या माणसाचा निषेध कुणी मनावर घेत नाही. एका गोष्टीकडे मात्र माझं लक्ष गेलं. गिटारवर बसलेल्या माणसाला भावकीनं हळद लावली होती. म्हणजे ती पाट आहे हे भावकीनं मानलं होतं! आत्याच्याही ते लक्षात आलं असावं. तिनं माझ्याकडे बघितलं, पानावरची हळद चाचपली आणि कुरकुरली, "बसवा मंग त्याला. येळ टळून राह्यली."

एका चुलत्यानं सुचवलं, उलटी करून ठेवा, म्हणजे तारा टोचायच्या नाहीत. आत्या उसळली, "पाट उलटा? शुभ काम हाय का काय हाय?" मग दादा तारांवरच बसला. बिजागरी त्याच्याखाली, आणि गिटारची मान त्याच्या उजव्या मांडीखालून लांब बाहेर, लोकांच्या पायांपर्यंत.

"टोचून राह्यलं," तो म्हणाला आणि जरासा सरकला.

"ढ्यँऽऽऽवऽऽ!"

दोन्ही भोंग्यांतून निघालेला तो आवाज मारुतीच्या देवळापलीकडे गेला. बांधलेली म्हैस दावं तोडून पळाली. सकाळी जोडलेली वायर काढायची राहून गेली होती, आणि सरकताना दादाच्या मांडीनं शून्यावरचं आवाजाचं बटण फिरलं होतं!

"बंद करा ते!" अण्णा ओरडले. दादा दचकून डावीकडे झुकला. बिजागरी वाकली आणि तोच सूर वर चढत गेला, "ढ्यँऽऽईंऽऽ!" तो घाबरून उजवीकडे झुकला. सूर खाली घसरला, "ढ्यँऽऽऊंऽऽ!"

मी वायर काढायला धावले. पण हळदीच्या गाण्याला म्हाताऱ्या बायांनी सुरुवात केली होती, आणि एकदा सुरू झालेलं हळदीचं गाणं मध्येच थांबवत नाहीत. एकीनं आंब्याच्या पानानं दादाच्या पायाला हळद लावली, पान तारांवरून गेलं, "ट्रिंग!" दुसरीनं गुडघ्याला लावली, बांगड्या तारांवर आपटल्या, "झ्यांग!" म्हाताऱ्यांनी आवाज वाढवला. भोंग्यांनीही वाढवला. आणि मग सगळ्यात पुढे बसलेली एक आजी गाता गाता डोळे मिटून म्हणाली, "सूर धरून राह्यलंय गं, बिलकुल बराबर!"

"शुभे, थांब!" आत्या गरजली. मी वायरीपाशी थिजले. ती दादाकडे वळली. "संदीप, उगं चुळबुळ करू नको."

"बरं, आत्या."

"कडवं संपलं की हल!"

आणि दादा हलला. प्रत्येक कडव्याला हलला. डावीकडे, उजवीकडे, शेवटी शेवटी तर स्वतःच्या मनानं, अगदी रंगात येऊन! कचरूकाका मान डोलावत होते. माझ्या गिटारचा पहिला जाहीर कार्यक्रम असा तुडुंब गर्दीत पार पडला, आणि तो माझ्या भावानं बसल्या जागी गाजवला. मी एवढे दिवस बसवलेलं गाणं तसंच राहिलं.

पण गिटार वाचली! तिची मान जागेवर आहे, लोखंड जागेवर आहे, आणि वॉर्निशवर दादाच्या हळदीचा ताजा थर आहे, जो मी घासून काढणार नाही. आत्यानं जाताना गाठीवर कुंकू लावलं आणि मला दम भरला, "आता हिला अजून कापली तर बघ." तिचं हे वाक्य मी माझ्या कलेला मिळालेली पहिली दाद समजते.

त्यानंतर जाफराबादच्या चुलत्यांकडे लग्न निघालं आणि त्यांचा मला फोन आला. "शुभे, हळदीला गिटार घेऊन ये बरं का!"

मला भरून आलं. शेवटी कदर झाली म्हणायची! मी बोटांचे घट्टे चोळत विचारलं, "काका, किती वाजता वाजवू?"

"तू कशाला तरास घेती?" काका म्हणाले. "वाजवायला नवरदेव हाय की!"

मी गेले. हट्टानं गेले, कारण गिटार माझी आहे. आणि हल्ली भावकीत कुठंही हळद असली, की तासभर आधी जाऊन मी क्लास घेते. विद्यार्थी एकच असतो, टॉवेल गुंडाळलेला. धडाही एकच असतो. "डावीकडे झुकलास की सूर चढतो, उजवीकडे झुकलास की उतरतो. आणि काहीही झालं तरी मधेच उठू नकोस. ही इलेक्ट्रिक गिटार आहे, ती मांडी घालूनच वाजवतात."